प्रायश्चित्त की खंडणी?

एका बाईंनी विचारलंय: मारधाडपटाची मराठी सबटायटलं करतेय. नायक जन्मभर माणसं मारतो आणि शेवटी एका पोरीसाठी जीव देतो. तिथल्या 'रिडेम्प्शन'ला 'प्रायश्चित' लिहू का?

नका लिहू. आणि आधी त्या शब्दाला त्याचा दुसरा 'त' परत द्या. पश्चात्तापाचाही असाच कुणीतरी गिळलेला असतो. वाहिन्यांवर तर रोज कुणी ना कुणी 'प्रायश्चित भोगतं'. अहो, भोगायची ती शिक्षा! प्रायश्चित्त कुणीतरी देतं आणि आपण घेतो. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उठलं, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं, भोगलं नाही. सांगणारा शास्त्री हवा, माप ठरलेलं हवं. चांद्रायण व्रतात तर जेवणाचे घाससुद्धा चंद्राच्या कलेप्रमाणे वाढवायचे नि घटवायचे. मारधाडीच्या नायकाला कसलं आलंय माप?

आता कुणीतरी 'प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते' हा प्रायश्चित्ताची फोड सांगणारा श्लोक तोंडावर फेकेल. खुशाल फेकावा. 'प्राय' म्हणजे तप, हा अर्थ मला श्लोकाच्या सोयीसाठी ठोकून बसवलेला वाटतो. मला तिथे प्रायोपवेशनातला, म्हणजे अन्न सोडून मरणाची वाट पाहत बसण्यातला, 'प्राय' दिसतो: निघून जाणं, मरणाकडे जाणं. शास्त्रीबुवांना पटणार नाही, न पटो.

खरी गंमत त्या इंग्रजी शब्दात आहे. लॅटिनमध्ये 'एमेरे' म्हणजे विकत घेणं आणि 'रेदिमेरे' म्हणजे पैसे मोजून सोडवून आणणं. त्याचं नाम 'रेदेम्प्तिओ'. पंडितांच्या हातून आला तो 'रिडेम्प्शन' झाला आणि फ्रेंचांच्या तोंडात झिजून आला तो 'रॅन्सम'. उद्धार आणि खंडणी, सख्खी भावंडं! २००४ चा 'मॅन ऑन फायर' सिनेमा आठवा. मेक्सिको सिटी, दारूत बुडालेला अंगरक्षक क्रीसी, पळवून नेलेली चिमुरडी पीटा, एक कोटी डॉलरची खंडणी. पैशाने पोर सुटत नाही. शेवटी पुलावर ती इकडे येते आणि क्रीसी तिच्या बदल्यात तिकडे चालत जातो. रॅन्सम तोच, रिडेम्प्शनही तोच. पटकथाकाराला ही व्युत्पत्ती ठाऊक असो वा नसो, भाषेला ठाऊक होती.

आपल्याकडे तरी वेगळं काय? सोनं ठेवून कर्ज काढलं की ते सोनं 'तारण', आणि ख्रिस्ती मराठीत पापातून सुटका तीही 'तारण'. गहाण सोडवण्याला कायद्याच्या मराठीत 'विमोचन' म्हणतात. इतका रोकडा शब्दसंग्रह हाताशी असताना लोक 'आत्मशुद्धी'सारखं काहीतरी बुळबुळीत का लिहितात, कोण जाणे.

हां, तुमचं सबटायटल राहिलंच. 'सुटला' लिहा. गहाणाचं शेत सुटतं, कैदी सुटतो, आणि दारात तिरडी बांधताना म्हातारे हळूच म्हणतात तेही हेच: सुटला बिचारा.