टर्बो डिझेलला दुसरं इंजिन टाकताना

१.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाबद्दल इतके प्रश्न साठले होते की या वेळी तेवढेच घेतले. स्विफ्ट डीडीआयएस, डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट… बॉनेट वेगवेगळी, आतलं घराणं एकच. आपल्याकडे हे इंजिन मानेसरला बनलं आणि रांजणगावलाही. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. त्यामुळे आज मिळणारं इंजिन वापरलेलंच असणार, हे धरून चाला.

प्रश्न (सातारा): २०१२ ची स्विफ्ट डिझेल, सव्वादोन लाख किलोमीटर. घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, तरी तशीच रेटली. खडखड आवाज होऊन बंद पडली. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं, सेकंडहँड टाका. टाकू का?

उत्तर: आधी जुनं उघडायला लावा. न उघडता ‘इंजिन गेलं’ म्हणणाऱ्याच्या हाती मी गाडी देत नाही.

पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे, आणि साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल मावतं जेमतेम तीनेक लिटर. त्यातलं बरंचसं जळून गेलेलं असलं की वळणावर पंप हवा ओढतो, टेन्शनर सैल पडतो आणि साखळी दात सोडते. मग पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात. बहुतेकदा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात, कधी व्हॉल्व्ह वाकतात, पण बिडाचा ब्लॉक बऱ्याचदा वाचतो. नुकसान एवढ्यावर थांबलं असेल तर हे फक्त हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागाचं काम आहे. रॉकर, वाकलेले व्हॉल्व्ह, साखळीचा पूर्ण सेट आणि ऑइल पंपाची तपासणी, झालं.

तुम्ही मात्र लाल दिव्यावर गाडी चालवलीत. म्हणून चेंबर उतरवून क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) मेन आणि बिगएंड बेअरिंग स्वतः डोळ्यांनी बघा. पांढुरका थर जाऊन तांबूस दिसत असेल, क्रँकवर नखाला लागणारे ओरखडे असतील, तर लेथवाल्याकडून क्रँक आणि बोअर (सिलिंडरची भोकं) मोजून घ्या. एकटा क्रँक गेला असेल तर मी स्वतःचंच इंजिन बांधून घेईन. त्याचा इतिहास निदान आपल्याला माहीत असतो. क्रँक, बोअर आणि हेड तिन्ही गेले, किंवा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, तरच दुसरं इंजिन.

प्रश्न (नाशिक): बदलायचंच आहे तर एर्टिगाचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन स्विफ्टमध्ये बसेल का? सीसी तर तेवढेच आहेत.

उत्तर: सीसी तेवढेच, १२४८. पण टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, स्विफ्टमध्ये ठरलेल्या आकाराचा असतो आणि जादा दाब वेस्टगेट नावाच्या झडपेतून सोडला जातो. ९० वाल्या टर्बोत आतल्या पात्या हलतात, आणि त्या किती हलवायच्या हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तुमच्या ईसीएमला ते येत नाही. मग ईसीएम, वायरिंग, सेन्सर, इमोबिलायझरचं (चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचं) जुळवणं, सगळंच मागे लागतं. जुना टर्बो नव्या इंजिनावर चढवून भागवता येतं, पण मग मिळवलं काय? टॉर्क १९० वरून २०० न्यूटन-मीटर होणार होता, तोही गेला. आपल्याच मॉडेलचं, आपल्याच सालाच्या आसपासचं इंजिन शोधा. पुंटोचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. माउंटिंग आणि वायरिंगमध्ये वाचलेले पैसे जातात.

प्रश्न (कोल्हापूर): कुर्ल्याला इंजिन बघायला चाललोय. दुकानदार ‘दिल्लीचा माल, कमी चाललेला’ म्हणतो. काय बघू?

उत्तर: दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, त्यामुळे तिकडून चांगला मालही येतो, हे खरं. पण किलोमीटरचा आकडा तोंडी असेल तर तो सोडून द्या. शक्य तर इंजिन चालू करून दाखवायला सांगा. ऑइलचं झाकण काढल्यावर भसाभस वाफा आल्या तर रिंगा संपल्यात. चालू करून दाखवत नसतील तर निदान कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा; आकड्यापेक्षा चारही सिलिंडर जवळपास सारखे आहेत का ते महत्त्वाचं. झाकणाखाली काळा घट्ट गाळ दिसला तर मागे फिरा. इंजिन नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर फुकट मिळालं तरी नको.

प्रश्न (म्हापसा, गोवा): इंजिनाबरोबर टर्बोही बदलावा का? जुना चालू होता.

उत्तर: जुनं इंजिन कशाने गेलं, त्यावर आहे. बेअरिंग फिरलं असेल तर धातूचा कीस ऑइलबरोबर टर्बोतही गेला, आणि तोच टर्बो नव्या इंजिनावर चढवणं म्हणजे जुनं दुखणं नव्या घरात नेणं. शाफ्ट बोटांनी हलवा: आडवा किंचित हलला तर चालतो, पण पुढेमागे सरकला किंवा पंखा घराला घासला तर टर्बो बाद. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी नवीच टाका. आत कार्बन धरलेला असतो आणि धुऊन तो पूर्ण निघत नाही. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि होजमध्ये साठलेलं ऑइलही काढा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून गॅरेजवाले टाळतात. पण साठलेलं ऑइल एकदम सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळू लागतं, चावी काढली तरी थांबत नाही. तसं झालंच तर पाचवा गिअर, ब्रेक घट्ट, आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

पहिल्यांदा चालू करताना इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारा. मधे थांबत थांबत, नाहीतर सेल्फ जळेल.

प्रश्न (लातूर): आरटीओत सांगावं लागतं का?

उत्तर: हो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. मंजुरी आधी घ्यावी. न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवून आरसी बुकावर नवा नंबर चढवावा लागतो. म्हणून विक्रेत्याकडून नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं मागा. नंबर चढला की विमा कंपनीलाही लेखी कळवा.