मंगोलिया मागाहून, आधी दक्षिण बेट

प्रिय बाय,

मंगोलियात मासे पकडायला जायचा तुझा बेत कळला. तिथला ताइमेन मासा मीटरच्याही वर वाढतो, त्याची भूल पडणारच. पण पहिल्याच वारीला तिथे जाऊ नकोस. तो सावकाश वाढतो, कित्येक वर्षं जगतो, म्हणून पकडला की सोडावा लागतो. एवढा मासा न दुखवता सोडायचा तर हात आधी बसलेला हवा.

त्यापेक्षा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जा. डोंगरातल्या नद्यांत ब्राउन ट्राउट संख्येने कमी, पण अंगाने दांडगे. मासा मूळचा तिथला नव्हे, 1867 मध्ये टास्मानियाहून अंडी नेऊन वाढवला. तो विकायला मात्र कायद्याने बंदी आहे. म्हापशाच्या बाजारात चणक घेतो तसा ट्राउट तिथे विकत मिळायचा नाही. बहुतेक नद्यांचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. डिसेंबरात तुमच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, आई सोडायची नाही, मार्चमध्ये जा. शिगमो चुकेल, इलाज नाही.

आपल्या शापोरा नदीत तू गरवतेस ते भरती-ओहोटी बघून, गढूळ पाण्यात, मासा न दिसता. तिथे पाणी इतकं नितळ की आधी मासा शोधायचा, मगच रॉड उचलायचा. अर्धा दिवस नुसतं काठाकाठाने चालणं, पोलराइज्ड चष्मा लावून. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, तेव्हा त्याच्या मागून, खालच्या अंगाने जायचं आणि फ्लाय, म्हणजे पिसा-दोऱ्यांचं किड्यासारखं आमिष, त्याच्या पुढे टाकून वाहत येऊ द्यायची. लाइन, म्हणजे रॉडची दोरी, त्याच्या डोक्यावरून गेली, पाण्यावर आपटली किंवा तुझी सावली पडली, की तो पसार. नीट संधी एकदा, फार तर दोनदा.

म्हणून कास्ट (लाइन फेकणं) इथेच पक्का कर. फ्लायला वजन नसतं, तिला नेते ती लाइन. लाइन मागे जाऊन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच हात पुढे आणायचा. सगळ्यांची घाई तिथेच होते आणि लाइन पायाशी गोळा होऊन पडते. दुपारनंतर केरीच्या किनाऱ्यावर समुद्रावरून वारा सुटला की जा. गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांध, बारा पावलांवर बादलीचं झाकण ठेव आणि वाऱ्याविरुद्ध त्यावर नेम धर. लाइन जुनीच घे, रेतीने नवी खराब होते.

आता बूट. 2004 मध्ये तिथल्या साउथलंड भागात वायाऊ नदीत डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल सापडलं. ते दगडांवर जाड थर धरतं आणि पाण्याच्या एका थेंबातूनही दुसऱ्या नदीत जाऊ शकतं. फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या तळव्यात ओल टिकून राहते, म्हणून 2008 पासून तसे बूट घालून मासेमारीला बंदी आहे. रबरी तळव्याचे घे. नदी बदलताना बुटांचा चिखल काढ, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात ते बुडव आणि खडखडीत सुकव. इथले वापरलेले बूट नेणार असशील तर तिथे शिरताना भरायच्या अर्जात लिही. पिसांच्या फ्लायसुद्धा लिही. लपवलंस तर जागच्या जागी न्यूझीलंडचे 400 डॉलर दंड.

मासेमारीचा परवाना फिश अँड गेम या तिथल्या संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच काढ. काही नद्यांना त्याशिवाय वेगळी परवानगी लागते, तीही बघून घे. डोंगरात पाऊस झाला की नदी तासाभरात चढते. पाणी गढूळ दिसू लागलं तर पलीकडे जायचा विचार सोड, अलीकडे राहा, उपाशी राहावं लागलं तरी.

मोबाइलला तिथे रेंज नसते. मदत मागायचं बीकन तिथेच भाड्याने घे आणि परतताना तिथेच दे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र हौसेने विकत घेऊन घरी आणू नकोस. आपल्याकडे ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईला त्यावरूनच अडवलं होतं.

रीलचं विचारलंस. पाच नंबरच्या (नंबर लाइनच्या वजनाचा) रॉडला साधी रील चालते. वाचलेले पैसे दोन दिवसांच्या गाइडवर घाल, तेही सहलीच्या सुरुवातीलाच.

तुझा,
काका