पानावर रंध्रे, म्हणजे हवेची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे, कुठे आणि किती व्हावीत, हे कोण ठरवते?

अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात हे बारकाईने अभ्यासले गेले आहे. कोवळ्या बाह्यत्वचेत ‘स्पीचलेस’ जनुक पहिले असमान विभाजन घडवते, ‘म्यूट’ पुढचा टप्पा सुरू करते आणि ‘फामा’ रक्षक पेशींना, म्हणजे रंध्राभोवतीच्या पेशींच्या जोडीला, अंतिम रूप देते. सर्वांत विलक्षण आहे ते दोन रंध्रांमध्ये अंतर राखणे. मुंबईत कुंड्यांतून सर्रास दिसणाऱ्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास हिरव्या रक्षक पेशींच्या जोड्या एकमेकींपासून सुट्या दिसतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये रंध्र घडवू लागलेली पेशी ईपीएफ-१ व ईपीएफ-२ ही छोटी प्रथिने बाहेर सोडून शेजारच्या पेशींना रंध्र होण्यापासून रोखते, तर पानाच्या आतल्या पेशींतून येणारे स्टोमाजेन हे प्रथिन नेमके उलट काम करते. संप्रेरकांपैकी ऑक्सिन हे स्टोमाजेनला आवर घालते, आणि ॲब्सिसिक आम्लामुळेही नव्या पानांवरील रंध्रे कमी होतात.