प्रचार की अपप्रचार?

एका अनुवादक मित्राचा प्रश्न असा : अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना वळवण्यासाठी परकीय सरकारे जो प्रोपगंडा करतात, त्याला मराठीत 'अपप्रचार' म्हणावे का? परकीय एजंटांच्या नोंदणीच्या अमेरिकी कायद्याविषयी लिहिताना तरी म्हणू नये, असे माझे मत आहे. 'अप' लागला की मजकूर खोटा किंवा बदनामीकारक असल्याचा निवाडा आधीच होऊन जातो. कायदा मात्र मजकुराचा खरेखोटेपणा पाहत नाही, तो कोणाच्या वतीने आला एवढेच विचारतो.

नाझी प्रचाराच्या धास्तीतून १९३८ साली अमेरिकेत परकीय एजंटांच्या नोंदणीचा कायदा झाला. जर्मनीकडून पैसे घेणारा प्रचारक जॉर्ज सिल्व्हेस्टर व्हिरेक याची रीत अशी, की युद्धात पडण्यास विरोध करणाऱ्या सदस्यांची भाषणे काँग्रेसच्या छापील इतिवृत्तातून काढायची आणि सदस्यांना असलेल्या मोफत टपालाच्या सवलतीतून घरोघर पोहोचवायची. लोकप्रतिनिधीच्या नावावर अधिकृत इतिवृत्तात नोंदलेल्या भाषणाला सरसकट अपप्रचार कसे म्हणणार? दडवलेला होता तो त्यामागचा हात. म्हणूनच काँग्रेसच्या सदस्याला किंवा समितीला असा मजकूर देताना आपण अमुक परकीय पक्षाचे नोंदणीकृत एजंट आहोत, हे सोबत सांगण्याचे बंधन कायद्यात आहे.

गंमत म्हणजे हा शब्दवाद खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही झाला. आम्लपर्जन्य आणि अणुयुद्ध या विषयांवरील तीन कॅनेडियन चित्रपटांना 'राजकीय प्रोपगंडा' हे कायदेशीर बिरुद चिकटल्यामुळे बॅरी कीन हे कॅलिफोर्नियाचे राज्य सिनेटर न्यायालयात गेले होते. कायद्यातील व्याख्या तटस्थ असून तीत पूर्णपणे अचूक मजकूरही बसतो, असे न्यायालयाने १९८७ साली बहुमताने ठरवले. तरीही लोकांच्या कानाला तो शब्द खुपतच राहिला असावा, कारण १९९५ साली संसदेने तो काढून 'माहितीपर साहित्य' असा शब्दप्रयोग घातला.

मराठीत ही अडचण कमी आहे. 'निवडणूक प्रचार' म्हणताना कोणी नाक मुरडत नाही, हेटाळणी हवी तेव्हा 'प्रचारकी' हे विशेषण हाताशी असते. तेव्हा कायद्यासाठी 'परकीय प्रचार' पुरेसा आहे आणि खोटेपणा सिद्ध झालेला असेल तिथे 'अपप्रचार' खुशाल लिहावा. हीच काळजी 'एजंट'बाबतही घ्यावी : 'हस्तक' म्हटले की कारस्थान डोळ्यांसमोर येते, आणि या कायद्याखाली नाव नोंदवून उघडपणे काम करणाऱ्या वकिलांना व जनसंपर्क संस्थांना तो शब्द लावणे अन्यायाचे होईल.