पोस्टफिक्स आणि डव्हकॉट चालवताना एसईलिनक्स बंद करणे योग्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रॉकी लिनक्स ९ वर पोस्टफिक्स (मेल स्वीकारणारा आणि पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्समधील मेल वाचायला देणारा प्रोग्राम) व्यवस्थित चालू होते. नंतर तुम्ही एक नवी डिस्क /एसआरव्ही/व्हीमेल येथे माउंट केली आणि सर्व मेलबॉक्स आरसिंक या फाइली नकलणाऱ्या साधनाने तिच्यावर नेले. मालक, गट आणि परवानग्या बरोबर असूनही डव्हकॉटच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ येत आहे. एका मार्गदर्शिकेनुसार ‘सेटएन्फोर्स ०’ केल्यावर, म्हणजे एसईलिनक्सची (लिनक्स कर्नलमधील प्रवेशनियंत्रणाच्या यंत्रणेची) सक्ती तात्पुरती थांबवल्यावर, मेल पोहोचू लागले, म्हणून ते कायमचेच बंद करावे का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. अडचण पॉलिसीत (एसईलिनक्सच्या नियमसंचात) नसून नव्या डिस्कवरील लेबलांत (फाइल्सवर नोंदलेल्या प्रकारांत) आहे आणि ती दोन आज्ञांनी सुटते. शिवाय मेल सर्व्हर हा एसईलिनक्सचा सर्वांत जास्त उपयोग होणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे.

नेहमीच्या परवानग्यांमध्ये फाइलचा मालक कोणाला काय करता येईल ते ठरवतो आणि रूटला (सर्वाधिकारी खात्याला) जवळजवळ कशाचीच आडकाठी नसते. एसईलिनक्सच्या सक्तीच्या प्रवेशनियंत्रणात हा अधिकार मालकाकडेही राहत नाही आणि रूटकडेही राहत नाही. प्रत्येक प्रोसेसला एक डोमेन असते, प्रत्येक फाइलला आणि पोर्टला एक प्रकार असतो, आणि पॉलिसीत त्या जोडीसाठी नियम नसेल तर कर्नल नकार देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) एसईलिनक्स डिसेंबर २००० मध्ये खुले केले आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आले. मेल सर्व्हरला त्याची गरज का, हे जुन्या नोंदी पाहिल्या तर समजते. १९८८ चा मॉरिस वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक सेंडमेल या मेल सर्व्हरमधील डीबग सोय होती. २०१९ मध्ये एक्झिम या मेल सर्व्हरच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत, आणि जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडी या मेल सर्व्हरमध्ये, दूरवरून रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवता येण्याजोगे दोष उघडकीस आले. जो प्रोग्राम २५ क्रमांकाच्या पोर्टवर अनोळखी माणसांचा मजकूर दिवसरात्र स्वीकारतो, त्यात असा दोष पुन्हा सापडणारच नाही असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

पोस्टफिक्सच्या बाबतीत हे नियंत्रण विशेष चांगले बसते, कारण विट्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना तो मुळातच लहान लहान, परस्परांवर विश्वास न ठेवणाऱ्या प्रोग्रामांच्या रूपात लिहिला. १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाहेरून येणारे मेल एसएमटीपीडी घेतो, क्लीनअप त्यांची मांडणी तपासून रांगेत टाकतो, क्यूएमजीआर रांग सांभाळतो, आणि मास्टर ही सर्व मंडळी सुरू करतो. पॉलिसी लिहिणाऱ्यांनी ही विभागणी जशीच्या तशी उचलून प्रत्येकाला वेगळे डोमेन दिले आहे. ‘पीएस -ईझेड’ चालवा, म्हणजे पोस्टफिक्स_मास्टर_टी, पोस्टफिक्स_क्यूएमजीआर_टी, पोस्टफिक्स_पिकअप_टी अशी नावे दिसतील. (आज्ञा आणि नावे मी देवनागरीत लिहीत आहे, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत.) एसएमटीपीडीमध्ये उद्या दोष सापडला आणि हल्लेखोराने कसेतरी रूटचे अधिकार मिळवले, तरी त्या डोमेनमधून शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश ठेवणारी) किंवा तुमच्या एसएसएचच्या खासगी चाव्या वाचता येणार नाहीत. माझ्या शब्दावर विसंबू नका. ‘सेसर्च’ या पॉलिसीतील नियम शोधणाऱ्या साधनाला स्रोत म्हणून पोस्टफिक्स_एसएमटीपीडी_टी आणि लक्ष्य म्हणून शॅडो_टी देऊन वाचण्याचा नियम आहे का, ते स्वतः पाहा.

याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. पॉलिसी प्रोग्रामच्या स्वतःच्या विभागणीपेक्षा बारीक होऊ शकत नाही. एक्झिम हा एकच मोठा प्रोग्राम सर्व कामे करतो, म्हणून त्याला एक्झिम_टी हे एकच मोठे डोमेन द्यावे लागते. डव्हकॉटमध्ये प्रमाणीकरणासाठी वेगळे डोमेन आहे, पण सर्वांचे मेल वाचून दाखवणे हेच डव्हकॉट_टीचे काम असल्यामुळे तिथला दोष सर्व मेलबॉक्स उघडे पाडू शकतो आणि एसईलिनक्सला त्यात काही गैर दिसणार नाही. चोरलेल्या पासवर्डने पाठवलेला स्पॅम किंवा कर्नलमधील दोष यांवरही हा उपाय नाही.

आता तुमची प्रत्यक्ष अडचण. नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर लेबले नसतात, म्हणून तिथल्या फाइल्स अनलेबल्ड_टी ठरतात. रीस्टोरकॉन (नियमांनुसार लेबले लावणारी आज्ञा) चालवून झाले असेल तर /एसआरव्हीखालच्या सर्वसाधारण नियमाने त्या व्हार_टी होतात. दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारावर डव्हकॉटला मेल लिहिण्याची मुभा नाही. आधी ‘एलएस -झेड’ने लेबल पाहा आणि ‘एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’ने नकाराची नोंद वाचा, त्या नोंदीत कोणत्या डोमेनने कोणत्या प्रकारावर काय करू पाहिले, हे तिन्ही मिळते. मग ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने /एसआरव्ही/व्हीमेल आणि त्याखालील सर्व काही मेल_स्पूल_टी आहे असा नियम जोडा आणि ‘रीस्टोरकॉन -आरव्ही’ चालवून तो प्रत्यक्ष फाइल्सना लावा. सीमॅनेज सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथॉन-यूटिल्स हे पॅकेज घ्यावे लागते. केवळ ‘सीएचकॉन’ वापरल्यास लेबल तात्पुरते बदलते, आणि पुढे कधी पूर्ण रीलेबल झाले की हाच प्रश्न अशा वेळी परत येतो, जेव्हा त्याचे कारण कोणालाच आठवत नसते.

चाचणीसाठी सगळी यंत्रणा सैल करण्याऐवजी ‘सीमॅनेज परमिसिव्ह’ने फक्त डव्हकॉट_टी सैल करता येते. नकार लॉगमध्ये येत राहतात, पण प्रत्यक्ष काम अडवले जात नाही, आणि बाकीचा सर्व्हर संरक्षित राहतो. काम झाल्यावर ती सूट काढून टाकायची.

सर्वांत मोठा सावधगिरीचा इशारा ऑडिट२अलाउबद्दल आहे. ते नकाराच्या नोंदीतून नियम तयार करते, पण नोंद का झाली याचा विचार करत नाही. तुमच्या बाबतीत त्याने डव्हकॉटला व्हार_टी प्रकारच्या कोणत्याही फाइलवर लिहू देणारा नियम सुचवला असता. मेल पोहोचले असते, आणि सोबत कितीतरी असंबंधित फाइल्सही डव्हकॉटला मोकळ्या झाल्या असत्या. ‘डॅक_ओव्हरराइड’ हा शब्द नोंदीत दिसला तर अधिकच थांबावे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो, की रूटने चालणारी प्रोसेस अशा फाइलकडे जात आहे जिच्या साध्या परवानग्या रूटलाही वाव देत नाहीत. तेव्हा उपाय मालकी किंवा परवानगी दुरुस्त करण्याचा असतो, नवा नियम जोडण्याचा नसतो. उलट प्रकारही घडतो: काम अडते, पण नोंदच नसते. साध्या परवानग्यांनीच नकार दिला असेल तर एसईलिनक्सपर्यंत गोष्ट जात नाही, म्हणून आधी त्या तपासाव्यात. त्या बरोबर असतील तर ‘सीमोड्यूल -डीबी’ने लपवलेल्या नोंदी दाखवायला लावाव्यात आणि नंतर ‘सीमोड्यूल -बी’ने पूर्ववत करावे.

त्याच यंत्रावर वेबमेल चालवणार असाल, तर बऱ्याच ठिकाणी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे बूलियन (पॉलिसीतील चालू-बंद करता येणारा पर्याय) सुरू करण्यास सांगितलेले आढळेल. ते वेब सर्व्हरला कोणत्याही पोर्टवर जाऊ देते. एचटीटीपीडी_कॅन_सेंडमेल हे बूलियन मेलच्या पोर्टांपुरते पुरते, तेव्हा आधी तेच वापरून पाहावे. पोस्टफिक्स २५२५ सारख्या जादा पोर्टवर ऐकायला लावायचा असेल, तर तो क्रमांक ‘सीमॅनेज पोर्ट’ने एसएमटीपी_पोर्ट_टीमध्ये जोडावा.

पुढे कधी डेबियन किंवा उबुंटूवर गेलात तर तिथे एसईलिनक्सच्या जागी ॲपआर्मर ही तशाच कामाची यंत्रणा असेल. ते लेबलांऐवजी फाइलच्या मार्गावर निर्णय घेते, त्यामुळे डिस्क बदलल्याने लेबल हरवण्याचा प्रश्न तिथे येत नाही. मात्र मार्ग बदलला की प्रोफाइलला (त्या प्रोग्रामच्या नियमांच्या फाइलला) तो सांगावा लागतो. डव्हकॉटच्या प्रोफाइल्ससाठी ट्यूनेबल्समध्ये (बदलता येणाऱ्या मूल्यांच्या फाइल्समध्ये) डव्हकॉट_मेलस्टोअर नावाचे चल असते, त्यात तुमचा मार्ग जोडून प्रोफाइल्स पुन्हा लोड कराव्यात.