वाचकांचे प्रश्न: घरातली हवा तपासावी का?

प्रश्न: ताई, आम्ही परभणीचे, थंडीत दारं-खिडक्या बंदच असतात अन् सासूबाई रात्रभर खोकतात. हवा तपासायचं मशीन घेऊ का?

उत्तर: घ्या की, पण आधी त्यांच्या खोलीत रात्री काय जळतंय ते बघा. कॉटखाली मच्छरची कॉइल, कोपऱ्यात शेगडी असं असतं बऱ्याच घरात. पीएम २.५, म्हणजे हवेतले फुफ्फुसात खोल जाणारे अतिबारीक कण, दाखवणारं मशीन उशाशी ठेवा, कॉइल लावून अन् न लावता आकडा बघा. २४ तासांच्या सरासरीला आपल्याकडची मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त १५. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र त्या मशीनवर दिसत नाही, वासही येत नाही, जीव जातो, म्हणून बंद खोलीत शेगडी नकोच. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. अन् खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी (टीबी) थुंकी तपासून घ्या, मशीनची वाट बघू नका.