'देवबाप' गावंढळ नाही

नागपूरच्या सदर भागातल्या एका ख्रिस्ती वाचक ताईंचा प्रश्न आहे. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सासूबाई देवाला 'तू' म्हणतात, तर कॉलेजातली मुलगी 'आपण'. मुलीला 'हे पित्या' उद्धट वाटतं आणि 'देवबाप' गावंढळ. त्याऐवजी 'पिताजी' म्हणावं असा तिचा आग्रह आहे. बरोबर कोण?

सासूबाई.

'तू'वर फार वेळ घालवत नाही. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो, देवीलाही तू म्हणतो. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत आदरार्थी अनेकवचनी 'तुम्ही' नाहीच, त्यामुळे भाषांतरकारांनी देवाचा मान कमी केला हा आरोप टिकत नाही. इंग्रजी प्रार्थनेतला 'दाऊ' आदराचा असतो, असं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मंडळी सांगतात. खरं तर तो तिथला 'तू'च आहे. रोजच्या बोलण्यातून उठला आणि फक्त प्रार्थनेत उरला, म्हणून भारदस्त वाटू लागला. फ्रेंच कॅथलिक तर 'आमच्या पित्या' या प्रार्थनेत देवाला 'तुम्ही' म्हणत असत. 1966 साली तेही 'तू'वर आले.

मला राग येतो तो 'आपण'चा. हिंदीतला 'आप' सरळ उचलून आणला की मराठीत काय घोटाळा होतो, हे कुणी बघत नाही. मराठीतलं 'आपण' म्हणजे आदराचं 'तुम्ही' आणि मी-तू मिळून सगळेसुद्धा. 'आपण दयाळू आहात' इथवर ठीक. पण त्याच ओघात 'आपल्या पापांची क्षमा करा' असं तोंडून जातं, आणि मी हे नागपुरात इतक्यांदा ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. समोर देव आहे. त्याला 'आपल्या पापांची' म्हटलं की एक तर ती पापं त्याची स्वतःची होतात, नाहीतर तो आपल्यासोबत पाप्यांच्या रांगेत येतो. हिंदीत एकच 'हम' आहे, म्हणून तिथे हा पेच पडत नाही. मराठीला समोरच्याला वगळणारा 'आम्ही' आणि त्याला धरून घेणारा 'आपण' असे दोन शब्द आहेत, आणि जुन्या भाषांतरकारांनी ते जपून वापरले. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' इथे 'आपली भाकर' म्हटलं असतं तर मागणारा आणि देणारा एकाच ताटावर बसले असते. एवढा नेमकेपणा इंग्रजीच्या 'अवर'मध्ये नाही, ग्रीकमध्येही नाही. तो मराठीने दिला आहे, तो घालवू नका.

'पित्या'चं व्याकरण सोपं आहे. पित्याचा, पित्याला, तसंच संबोधन पित्या. 'काका', 'मामा' न बदलता राहतात, 'पिता' बदलतो. 'पिताजी' हिंदी आहे, आणि मुलगी घरात स्वतःच्या बाबांना पिताजी म्हणत नसणार.

आता 'बाप'. खरं सांगायचं तर प्रश्न वाचल्यापासून मला याच शब्दाकडे यायचं होतं.

बरेच जण 'बाप' संस्कृत 'वप्तृ'वरून काढतात. वप्तृ म्हणजे पेरणारा, बीज टाकणारा. ऐकायला विद्वत्तापूर्ण वाटतं, मला ते पटत नाही. कोशात वप्तृचा 'जनक' हा अर्थ सापडतो, पण लेकरू आधी कोश वाचून मग हाक मारत नाही. ओठ मिटले-उघडले की ब, प, म निघतात. बाबा, बाप, पप्पा, मामा हे सगळे शब्द पाळण्यात जन्मलेले आहेत. जगभरच्या भाषांत आईबापांची नावं सारखी का, याचं उत्तर रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने बाळाच्या ओठांतच शोधलं. प्राकृतात 'बप्प' आहे, त्याचा मराठी 'बाप'. मध्ये पेरणी आणायची गरज काय?

गंमत पुढे आहे. हा पाळण्यातला शब्द थेट ताम्रपटावर पोचला. पल्लव राजांच्या चौथ्या-पाचव्या शतकातल्या दानपत्रांत राजा स्वतःला 'बप्पभट्टारकपादभक्त' म्हणवतो, म्हणजे पूज्य बाप्पांच्या चरणांचा भक्त. भट्टारक ही त्या काळातली मोठ्या मानाची पदवी, आणि तिला लागून काय आहे, तर 'बप्प'. सौराष्ट्रातल्या वलभीच्या ताम्रपटांत तर 'परमभट्टारक महाराजाधिराज परमेश्वर' अशा बिरुदांच्या रांगेनंतर 'श्रीबप्प' येतो. काही अभ्यासकांनी हा बप्प म्हणजे कुणी धर्मगुरू असावा असं म्हटलं. जुन्या कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी त्याचा अर्थ बाप असाच लावला, आणि मी फ्लीट यांच्या बाजूचा आहे. परमेश्वर आणि बप्प हे दोन शब्द एका ओळीत राजदरबारात शोभत होते, तर सदरच्या प्रार्थनाघरात का शोभू नयेत?

शिवाय भाद्रपदात हेच शहर दहा दिवस 'गणपती बाप्पा' गर्जतं. तो बाप्पा हाच. आणि आपण वऱ्हाडी-नागपुरी माणसं तर उठता-बसता 'नाही बाप्पा', 'काय सांगू बाप्पा' करतो. तिथे कुणाला गावंढळ वाटत नाही, मग 'देवबाप'लाच नाक मुरडायचं कारण काय? कारण मधल्या काळात 'बाप काढणे' रूढ झालं आणि घरात 'वडील' आले. 'वडील' हा मुळात 'मोठा' या अर्थाचा शब्द. तो 'वडील आले' असा नेहमी अनेकवचनी चालतो, म्हणून सभ्य वाटतो. 'बाप आला' एकवचनी राहिला, म्हणून रांगडा ठरला. पण सर्वशक्तिमान एकच आहे असं मानणाऱ्या प्रार्थनेत एकवचनाची लाज कशाला?

ख्रिस्ती मराठीत तर हा शब्द पहिल्यापासून आहे. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापलं गेलं. आरंभीच्या नमनातच ते देवाला 'देवा बापा' अशी हाक मारतात. इंग्लंडहून आलेल्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी जे ऐकू आलं, ते मराठी घरात वाढलेल्या मुलीला ऐकू येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

आणि गेथशेमानेच्या बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशू काय म्हणाला? मार्कच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात ग्रीक मजकुराच्या मध्येच त्याच्या मातृभाषेतला, अरामी भाषेतला शब्द तसाच ठेवला आहे : 'अब्बा'. मराठी बायबलात ते 'अब्बा, बापा' असं आहे. मोमिनपुऱ्यातलं मुसलमान पोर आजही वडिलांना 'अब्बा' म्हणून हाक मारतं. जर्मन अभ्यासक येरेमियास यांनी 'अब्बा'चं मूळ लहान मुलाच्या बोलीत दाखवलं, आणि त्यावरून प्रवचनांत 'अब्बा म्हणजे डॅडी' असं सर्रास सांगितलं जातं. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1988 साली ते खोडून काढलं : मोठी माणसंही गांभीर्याने 'अब्बा' म्हणत. 'डॅडी'वाल्यांनी शब्दाचा जन्म आणि शब्दाचं वय यांची गल्लत केली. 'अब्बा' पाळण्यात जन्मला आणि बागेत प्रौढ झाला. 'बाप' पाळण्यात जन्मला आणि ताम्रपटावर प्रौढ झाला. जोडी इतकी चपखल आहे की 'अब्बा'ला 'बापा'हून चांगला मराठी शब्द मला तरी सुचत नाही. दुसरीकडे 'पित्या' हा ग्रीक 'पातेर'चा सख्खा भाऊबंद; पितृ आणि पातेर एकाच मुळाचे. म्हणजे ग्रीकसाठी पित्या, अरामीसाठी बापा. दोन्ही घरातच आहेत.

ताई, तुमच्या मुलीला सांगा : देवाशी बोलताना 'तू', 'आम्ही' आणि 'पित्या' किंवा 'बापा'. देवाविषयी तिसऱ्या माणसाशी बोलताना मात्र 'येशू म्हणाले' म्हटलं तरी माझी हरकत नाही. शास्त्रात 'म्हणाला' आहे, निवेदनात 'म्हणाले' रुळलं आहे. फक्त एकाच प्रार्थनेत 'आपण' आणि 'तुझे' असं मिसळू नका. आणि 'आपल्या पापांची' म्हणणं आजपासून बंद करा.